उत्तर कुणाच्या कानी पडतं?



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. देशाचा पंतप्रधान संकटाच्या वेळी राष्ट्राला उद्देशून बोलतो. ते भाषण घराघरांत पोचतं. मग विरोधी पक्षाचा नेता त्याच माध्यमावरून उत्तर देतो. त्या उत्तरावर लोक कसे चिडतात, कशाने सुखावतात, आणि त्या चिडण्याचा अर्थ काय लावायचा, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर इतिहास शिकवताना एखादं फर्मान किंवा जाहीरनामा वाचून झाला की वर्गाला विचारत, ‘याला उत्तर कुणी दिलं? आणि ते कुणी ऐकलं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडायचं. दुसऱ्याचं सहसा सापडत नसे. मी त्या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे.

त्यासाठी मी तुम्हाला लंडनला नेतो, ४ नोव्हेंबर १९५६च्या रात्री.

त्या वर्षी २६ जुलैला इजिप्तच्या नासेरनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुवेझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना हा घाव जिव्हारी लागला. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायलने सिनाईत सैन्य घुसवलं. लगेच ब्रिटन आणि फ्रान्सने ‘लढणाऱ्या दोघांना वेगळं करण्यासाठी’ म्हणून निर्वाणीचा खलिता दिला आणि ३१ तारखेच्या संध्याकाळी इजिप्तवर बाँब पडू लागले. हे तिघांनी आधीच ठरवलेलं होतं. पॅरिसजवळच्या सेव्र गावी २४ ऑक्टोबरला तसा गुप्त करार झाला होता, पण तो ब्रिटिश जनतेला माहीत नव्हता. विरोधी पक्षालाही नव्हता. त्यांना संशय होता, पुरावा नव्हता. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

शनिवारी ३ नोव्हेंबरच्या रात्री ईडन रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. आपण आयुष्यभर शांततेसाठी झटलो, राष्ट्रसंघाच्या बाजूने उभे राहिलो, आणि आजही तेच आहोत, असा त्यांचा सूर होता. इजिप्तमधलं पाऊल म्हणजे युद्ध नव्हे, वणवा पसरू नये म्हणून केलेली पोलिसी कारवाई आहे, असं त्यांनी सांगितलं. बोलणारा माणूसही असा होता की लोकांनी विश्वास ठेवावा. १९३८ साली चेंबरलेनच्या मवाळ धोरणाला कंटाळून परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे ते हेच ईडन.

मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांनी उत्तराची वेळ मागितली. ती मागण्याचा आधार होता १९४७ सालचा एक समझोता. सरकार, विरोधी पक्ष आणि बीबीसी यांनी मिळून तो लिहून ठेवला होता. मंत्र्याचं प्रक्षेपण वादग्रस्त आहे असं विरोधी पक्षाला वाटलं तर त्याने उत्तराची मागणी करावी, दोन्ही पक्षांचं एकमत झालं नाही तर निर्णय बीबीसीने घ्यावा, असं त्यात होतं. सरकार राजी नव्हतं. सैन्य समुद्रात आहे, अशा वेळी देशात फूट आहे असं जगाला कशाला ऐकवायचं, असा सत्ताधाऱ्यांचा भाव होता. निर्णय बीबीसीवर आला. तिचे अध्यक्ष होते सर अलेक्झांडर कॅडोगन, म्हणजे परराष्ट्र खात्याचे माजी सर्वोच्च सचिव, ईडनबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस यांना सुवेझवर बोलायला वेळ द्यावा म्हणून ईडन यांनी दबाव आणला, तेव्हा याच कॅडोगननी मान तुकवली होती. या खेपेला मात्र कागदावर नियम होता, आणि गेट्स्केलना वेळ मिळाली.

मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. कॅडोगन यांच्या धैर्याचं कौतुक जरूर करावं, पण नियम नसता तर ते धैर्य त्या रात्री कुठे उभं राहिलं असतं, याची मला शंका आहे. नियम नऊ वर्षांपूर्वी शांत काळात लिहिला गेला होता. कोण सत्तेवर असेल, कुठलं युद्ध चालू असेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा लिहिला गेला होता. म्हणूनच तो उपयोगी पडला.

आता ती रविवारची रात्र. दुपारी ट्रफाल्गर चौकात प्रचंड सभा झाली होती. मजूर पक्षाचे अन्यूरिन बेव्हन बोलले. ‘युद्ध नको, कायदा हवा’ असे फलक होते. गर्दी व्हाइटहॉलकडे वळली, आणि डाउनिंग स्ट्रीटवर मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना बाहेरचा गलका आत ऐकू येत होता. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. पाश्चिमात्य जगाने एकमुखाने ज्याचा निषेध करायला हवा होता, ते घडत असताना ब्रिटनचे हात कैरोवर बाँब टाकण्यात गुंतले होते. दोन दिवस आधी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदीचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला होता. त्या पाचांत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्याबरोबर फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड होते. भारत ठरावाच्या बाजूने होता.

गेट्स्केल बोलले ते याच जमिनीवर उभं राहून. ही पोलिसी कारवाई नाही, कारण पोलिसाच्या पाठीशी कायदा असतो आणि इथे कायद्याने कुणालाही अधिकार दिलेला नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आपण कायदा स्वतःच्या हातात घेतला आहे, मित्र गमावले आहेत, आणि जगात एकटे पडलो आहोत. इथपर्यंतचं भाषण, माझ्या मते, विसाव्या शतकातल्या संसदीय विरोधाचा एक उत्तम नमुना आहे. सगळा युक्तिवाद आहे, आणि त्यात वेदना आहे. शेवटी मात्र त्यांनी वळण घेतलं. ईडन यांनी पायउतार व्हावं, असं ते म्हणाले. सत्ताधारी हुजूर पक्षातल्या सदसद्विवेक जागा असलेल्या खासदारांना त्यांनी आवाहन केलं की, पंतप्रधान बदला. युद्ध थांबवणारा नवा पंतप्रधान तुमच्याच पक्षाचा असला तरी आम्ही त्याला पाठिंबा देऊ.

काही तासांनी, ५ नोव्हेंबरच्या पहाटे, ब्रिटिश छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदजवळच्या गामिल विमानतळावर उतरले.

लोकांची प्रतिक्रिया कडवट होती. ज्यांनी आधीपासून युद्धाला विरोध केला होता, त्यांना आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्याने बोललं असं वाटलं. पण दुसऱ्या बाजूने जो संताप उसळला, तो त्या भाषणातल्या मुद्द्यांवर नव्हताच. मुलं मृत्यूच्या तोंडी उभी असताना हा माणूस घराघरांत जाऊन त्यांच्या सरकारला खाली खेचा म्हणतो, हा त्या संतापाचा गाभा. जहाजांवरचे सैनिकही रेडिओ ऐकतात, ते काय म्हणतील? देशद्रोह हा शब्द उघडपणे वापरला गेला. मजूर पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मत देणाऱ्या कामगार घरांतही हा संताप होता. सैन्यात सक्तीने भरती झालेली, राखीव दलातून परत बोलावलेली मुलं त्यांच्याच घरची होती. शिवाय गेट्स्केलना त्यांचंच जुनं भाषण ऐकवलं गेलं. २ ऑगस्टला संसदेत त्यांनी नासेरची तुलना मुसोलिनी आणि हिटलरशी केली होती. त्याच भाषणात, संयुक्त राष्ट्रांना डावलून बळ वापरू नका, असंही ते म्हणाले होते. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरून त्यांना कोलांटउडी मारणारा ठरवलं.

हुजूर पक्षातल्या अस्वस्थ खासदारांचं काय झालं? अँथनी नटिंग यांनी राज्यमंत्रिपद सोडलं, एडवर्ड बॉइल यांनीही सोडलं. पण ज्यांचं मन डळमळत होतं अशा बाकीच्यांना गेट्स्केलच्या आवाहनाने उलट घट्ट केलं. विरोधी नेत्याच्या हाकेला ओ देऊन स्वतःचा पंतप्रधान पाडणं, हे कुठल्याही पक्षातल्या माणसाला शक्य होत नाही. मतदानाच्या वेळी तटस्थ राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या नायजेल निकोल्सन यांना पुढे त्यांच्या बोर्नमथच्या मतदारसंघातल्या पक्षसंघटनेने उमेदवारी नाकारली. मला वाटतं, इथे गेट्स्केल चुकले. शेजाऱ्याच्या घरातला भांडणतंटा सोडवायला जाऊन त्याच्या भावांना एकत्र आणावं, तसं झालं. राष्ट्रापुढचा प्रश्न त्यांनी आपल्याच हाताने दोन पक्षांतला प्रश्न करून टाकला. लोकांच्या रागाचा हा भाग रास्त होता असं मी मानतो.

पण सगळा राग रास्त नव्हता, आणि तो गेट्स्केलच्या उत्तरामुळेच आला असंही मोजून सांगता येत नाही. गॅलप संस्थेने नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घेतलेल्या पाहणीत लष्करी कारवाई योग्य म्हणणारे ३७ टक्के होते, चूक म्हणणारे ४४. दहा-अकरा तारखेच्या पाहणीत योग्य म्हणणारे ५३ टक्के आणि चूक म्हणणारे ३२ झाले. मधल्या आठवड्यात खूप काही घडलं. सैन्य उतरलं, पौंड घसरू लागला, अमेरिकेने आर्थिक दडपण आणलं, आणि ६ तारखेच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली. सैनिक उतरले की लोक सैनिकांच्या मागे उभे राहतात. त्यात एका भाषणाचा वाटा किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येणार नाही. तेव्हा ‘गेट्स्केलच्या उत्तराने लोक सरकारकडे गेले’ हे पुन्हा पुन्हा केलं जाणारं विधान मी स्वीकारत नाही.

आता माझा खरा मुद्दा. ज्यांना राग आला, त्यांनी ते उत्तर ऐकलं कसं? ट्रफाल्गर चौकातल्या सभेला ते गेले नव्हते. बेव्हन काय बोलले हे त्यांनी ऐकलं नाही, ऐकायची त्यांची इच्छाही नव्हती. पण आदल्या रात्री ज्या पेटीतून ईडन यांचा आवाज आला, त्याच पेटीतून, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून त्यांनी दुसऱ्या दिवशी गेट्स्केलना ऐकलं. उत्तर विरोधी बाजूच्या कानांपर्यंत पोचलं याचा पुरावा म्हणजे तो राग. ज्या उत्तरावर कुणी रागावत नाही, ते बहुधा आपल्याच माणसांत फिरून परत आलेलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशीचा संताप पाहून, उत्तराचा हक्क देणं चूक होतं, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी पूर्ण असहमत आहे. उत्तराची किंमत दुसऱ्या दिवशीच्या टाळ्यांत किंवा शिव्यांत मोजायची नसते. ईडन यांनी २० डिसेंबरला संसदेत सांगितलं की इस्रायलच्या हल्ल्याची आम्हाला आधी कल्पना नव्हती. ते खरं नव्हतं. जानेवारी १९५७मध्ये ते प्रकृतीचं कारण देऊन गेले. सेव्रच्या कराराचं कागदपत्र पुढे कित्येक वर्षांनी उजेडात आलं. ‘ही पोलिसी कारवाई नाही’ असं सांगणाऱ्यावर ज्यांनी देशद्रोहाचा आरोप केला, त्यांना त्या रात्री सत्य ठाऊक असण्याची सोयच नव्हती. अशा अंधाराच्या वेळीच दुसरा आवाज ऐकू यायला हवा.

आणखी एक. तेव्हा ब्रिटनमध्ये असा नियम होता की संसदेत पुढच्या पंधरवड्यात चर्चेला येणाऱ्या विषयावर रेडिओवर चर्चा घडवायची नाही. १९५५ साली सरकारने बीबीसीला तसा लेखी आदेशच दिला होता. सुवेझनंतर लगेच, डिसेंबर १९५६मध्ये, तो स्थगित झाला आणि पुढे संपलाच. सुवेझच्या अनुभवाने तो हास्यास्पद ठरला होता. त्या एका आठवड्याने ब्रिटिश लोकजीवनात एवढी तरी मोकळीक आणली.

अमेरिकेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, पण तिथे मी फार थांबणार नाही. राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला विरोधी पक्षाने दूरचित्रवाणीवरून उत्तर देण्याची प्रथा तिथे १९६६ साली सुरू झाली. लिंडन जॉन्सन यांना रिपब्लिकन पक्षाच्या वतीने एव्हरेट डर्कसन आणि जेराल्ड फोर्ड यांनी उत्तर दिलं. आता ती दरवर्षीची रीत आहे. पण लोक काय लक्षात ठेवतात? २०१३ साली मार्को रुबियो बोलता बोलता वाकले आणि पाण्याची बाटली उचलून घोट घेतला, तो घोट लोकांनी लक्षात ठेवला. २०२४ साली केटी ब्रिट स्वयंपाकघरात बसून बोलल्या, तर त्यांचा मुद्दा मागे पडून त्यांच्या आवाजाच्या चढउतारांची नक्कल देशभर झाली. तिथे उत्तर ठरलेलं आहे, त्यामुळे त्यात संकटाची धग नाही. मागे भव्य सभागृह, टाळ्या, मान्यवर, आणि त्यानंतर लगेच एकटा माणूस एका खोलीत कॅमेऱ्यापुढे. तुलना आधीच हरलेली असते. तरीही मी म्हणेन, ही रीत असलेली बरी. पाण्याच्या घोटाला हसणारा माणूससुद्धा त्या रात्री दुसऱ्या पक्षाचं म्हणणं काही मिनिटं ऐकून मगच हसतो.

आता आपल्याकडे वळू या. वळायला कारणही आहे, आणि ते त्याच वर्षातलं आहे.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला. मुंबई शहर केंद्रशासित राहील, असं त्यांनी सांगितलं. चाळींत, चहाच्या दुकानांत, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात लोकांनी ते ऐकलं. काही तासांत मुंबई पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली. आधीच नोव्हेंबर १९५५मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी एकूण शंभराहून अधिक माणसं गेली. नेहरूंच्या त्या भाषणाला आकाशवाणीवरून कुणी उत्तर दिलं? कुणीच नाही. तशी सोयच नव्हती. फेब्रुवारीत पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, नाना पाटील यांनी उत्तर दिलं ते मैदानांवरून. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारून उत्तर दिलं. नोव्हेंबरमध्ये अत्र्यांचं ‘मराठा’ हे दैनिक निघालं. जुलैमध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत आपलं निवेदन केलं. हा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली, हे त्यांनी उघड सांगितलं. माझ्या लेखी ते निवेदन हेच त्या रेडिओ भाषणाचं सर्वांत भारदस्त उत्तर. पण ते किती जणांच्या कानी पडलं?

या मैदानी उत्तरांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मतं दिली, ती या उत्तरांमुळेच. पण शिवाजी पार्कच्या सभेला येणारा माणूस आधीच समितीचा होता. नेहरूंचं भाषण ज्याने दिल्लीत, अहमदाबादेत, मद्रासेत ऐकलं, त्याच्यापर्यंत मराठी माणसाचं म्हणणं पोचलं ते दंगलीच्या बातमीतून. काचा फुटल्या, ट्राम जळाल्या, एवढंच त्याला कळलं. बाजू कळली नाही. आणि ज्याची बाजू त्या कानांपर्यंत जात नाही, त्याचा आवाज आपोआप चढत जातो. अत्र्यांची लेखणी आणि जीभ इतकी तिखट का झाली, याचं एक कारण मला इथे दिसतं.

हे मला विशेष खुपतं, कारण आपला रेडिओ बीबीसीच्याच माणसाने उभा केला. लायनेल फील्डन १९३५मध्ये लंडनहून आले आणि पुढच्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झालं. बातम्यांची शिस्त आपण घेतली, स्टुडिओची रचना घेतली, वेळेचा काटेकोरपणा घेतला. उत्तर देण्याचा तो लिखित समझोता १९४७च्या फेब्रुवारीतला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या सहा महिने आधीचा. तोही घेता आला असता. १९५६ साली आपले माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर. आकाशवाणीवर कुठलं संगीत वाजावं यावर त्यांनी मनापासून विचार केला. विरोधकांचा आवाज कधी वाजावा, याचाही तितकाच विचार व्हायला हवा होता.

एकोणीस वर्षांनी काय झालं, ते आपण जाणतो. २६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून आणीबाणी जाहीर झाल्याचं सांगितलं, आणि घाबरण्याचं कारण नाही असा दिलासाही दिला. उत्तर देऊ शकतील असे नेते पहाटेपर्यंत तुरुंगात होते. दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज आदल्या रात्रीच तोडलेली होती. त्या वर्षीचं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. ते समोरच होते. ज्या सरकारला उत्तर द्यायचं, त्याच्याच एका मंत्र्याच्या कानी ते उत्तर पडलं. दुर्गाबाईंनी पुढे तुरुंगवास भोगला.

आज तर वेगळीच अडचण आहे. विरोधी नेता पंतप्रधानांच्या भाषणानंतर तासाभरात मोबाइलवर चित्रफीत टाकतो. हजारो लोक ती पाहतात आणि वाहवा करतात. कुणी रागावत नाही, कारण बघणारे सगळे त्याचेच. दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्यातलं एखादं वाक्य तोडून, चिडवण्यासाठी म्हणून दाखवलं जातं. तेच कान, तीच वेळ, तोच पडदा, ही १९५६ची लंडनची स्थिती आज आपोआप निर्माण होत नाही. ती नियमाने निर्माण करावी लागेल.

तो नियम कसा असावा, हे मी थोडक्यात मांडतो. पंतप्रधानांचं राष्ट्राला उद्देशून भाषण आकाशवाणी आणि दूरदर्शनवर झालं की, विरोधी पक्षाने मागणी केल्यास चोवीस तासांच्या आत, त्याच वेळेला, तितकीच मिनिटं त्याला मिळावीत. भाषण वादग्रस्त आहे की नाही, हे सरकारने ठरवू नये, प्रसार भारतीच्या मंडळाने ठरवावं. प्रसार भारतीचा कायदा १९९०चा आहे, त्यात ही तरतूद बसवणं अवघड नाही. १९७७नंतर निवडणुकीच्या काळात पक्षांना सरकारी माध्यमांवर वेळ द्यायची पद्धत आपल्याकडे आलीच आहे. तिचा विस्तार करायचा आहे. एकच गाठ सोडवावी लागेल. आपल्याकडे विरोधक एक नसतात, अनेक असतात. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत तर लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. म्हणून, मान्यता असो वा नसो, लोकसभेतल्या सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता बोलेल, आणि आपल्या वेळेतला काही भाग तो इतर पक्षांना देऊ शकेल, असं कलम त्यात असावं. आणि हे कलम निवडणूक जवळ नसताना, सीमेवर शांतता असताना, कोण सत्तेत येईल याचा अंदाज नसताना लिहिलं जावं.